पाच नंबरच्या पलीकडे

हार्बरची लोकल पनवेलला लागली की डबे रिकामे होतात आणि सगळे जिन्याकडे धावतात. रोजच्या प्रवाशाचं पनवेल स्टेशन तेवढंच, चार नंबरच्या फलाटापर्यंत. बघण्यासारखं जे आहे ते त्यापुढे: पाच, सहा, सात नंबरवर आणि त्यांच्याही पलीकडे मालगाड्यांच्या रुळांवर. इतिहासही तिकडचाच. लोकल इथे आली १९९८ साली. रेल्वेच्या हिशेबात ही कालची गोष्ट.

तसं पनवेलचं आणि रेल्वेचं जुनं वाकडं. आगगाडी नव्हती तेव्हा गाव जोरात होतं. पुण्याला निघालेला मुंबईकर होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरे आणि पुढे बोरघाटाची वाट धरी. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ही ये-जा आणखी वाढली. बैलगाड्यांची चाकं घडवण्यात पनवेलचं नाव होतं. मग १८५३ मध्ये आगगाडी ठाण्याला पोचली, १८५६ मध्ये खोपोलीला, १८६३ मध्ये थेट घाट चढून गेली. सगळं कल्याण-कर्जतवरून. पनवेल राहिलं बाजूला. चाकं घडवणाऱ्या गावाला रुळावरची चाकं दिसायला आणखी शंभर वर्षं लागली! दिव्याहून रूळ आले ते १९६०च्या दशकात.

तेही पुढे सरकले ते रेंगाळतच. आधी आपटा, मग पेण, १९८६ मध्ये रोहा. आणि तिथे गाडी अडली. (आपटा म्हणजे तेच स्टेशन, जिथे 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबात असल्यासारखं वाटतं, त्याला आपला इलाज नाही.) रोह्याच्या पुढचं काम १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने केलं आणि १९९८च्या जानेवारीत मार्ग मंगळुरूच्या बाजूपर्यंत सलग झाला. म्हणजे लोकल आणि कोकणची गाडी, दोन्ही पनवेलला एकाच वर्षी पावल्या. पुष्कळांना वाटतं, कोकण रेल्वे पनवेलपासून सुरू होते. तसं नाही. रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचीच हद्द. पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हा तपशील कुणी कुणाला सांगू नये.

त्या आठवड्यात गाड्या बघायला जायचं तर पनवेललाच. दादर-ठाण्याला भरून आलेल्या गाडीचे दरवाजे आतून लावलेले, बाहेर पिशव्या डोक्यावर घेतलेले चाकरमानी, आणि "अहो, उघडा की, आम्हीपण गावालाच चाललोय" अशी विनवणी. गाडी सुटेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. फलाटावर उभं राहून इंजिनांचे नंबर वहीत टिपणाऱ्यालाही त्या दिवशी वही खिशात घालून कुणाची तरी ट्रंक खिडकीतून आत ढकलावी लागते.

ही नंबर टिपणारी जमात पनवेलला जुनीच आहे, आणि मीही त्यातलाच. आमचा सुवर्णकाळ डिझेलचा. नेत्रावती, मंगला या केरळच्या गाड्या यायच्या त्या दक्षिणेकडची इंजिनं घेऊन. इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव रंगवलेलं असतं. इरोड, एर्नाकुलम ही गावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथे भेटली. गाडी सुटताना काळा धूर, फलाटाला बसणारा हादरा, आणि तो गुरगुराट रोह्याच्या दिशेने दूरवर ऐकू यायचा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. डिझेल वाचलं, धूर गेला, सगळं योग्यच झालं. तरी खरं सांगतो, मजा कमी झाली. विजेचं इंजिन न कुरकुरता निघून जातं. २०२३ मध्ये सुरू झालेली मडगावची वंदे भारत तर थांबली कधी आणि गेली कधी, कळतही नाही. तिला बघायला मुलं येतात, मी येत नाही.

मला हल्ली मालगाड्या आवडायला लागल्या आहेत. जेएनपीटी बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून कंटेनरच्या गाड्या जासईच्या बाजूने पनवेलवरून ये-जा करतात. थळच्या खत कारखान्याचा माल पेणवरून येतो. कळंबोलीला पोलादाचा बाजार आहे. फलाटावर उभा असलेला माणूस मालगाडी आली की मोबाइल काढतो आणि डबे संपेपर्यंत मान वर करत नाही. त्याने एकदा कंटेनरवरची नावं वाचून बघावीत. परदेशी जहाज कंपन्यांची यादी फुकटात डोळ्यांसमोरून सरकते. शेवटी गार्डचा डबा. त्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा हुकूम आहे, पण हातातला हिरवा झेंडा तोच आहे.

दरम्यान पुण्याचा रस्ताही पनवेलकडे परत आलाय. कर्जतला जाणारा रेल्वेमार्ग झाला, प्रगती एक्स्प्रेस इथून घाटाकडे वळू लागली, नांदेडची गाडी तर सुटतेच पनवेलहून. आता त्या मार्गावर लोकलसाठी वेगळे रूळ पडताहेत. वावर्लेचा त्यावरचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब, पारसिकच्या जवळजवळ दुप्पट. कर्जत लोकल सुरू झाली की पनवेलची गर्दी दोन्ही टोकांनी येईल. तेव्हा मालगाड्यांना वाट कशी काढून देतात, ते मला बघायचंय.