रॉकेल घेऊन आलेले जहाज

स्वयंपाकघरात गॅसची शेगडी येण्यापूर्वीचे दिवस आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. एका हातात शिधापत्रिका आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन रांगेत उभे राहावे, पुढची माणसे मोजावीत आणि पिंपात तेल किती उरले असेल याचा मनाशी अंदाज बांधावा, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना निराळे सांगावयास नको. त्या तेलाला कोणी रॉकेल म्हणे, कोणी घासलेट. १९४२ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या बेटावरची सारी प्रजा अशाच एका रांगेत उभी होती, असे म्हटले तर चालेल. तिचे पिंप मात्र अजून समुद्रापलीकडे होते, आणि वाटेत पाणबुड्या होत्या.

माल्टा सिसिलीच्या दक्षिणेला आहे. त्या वेळी ते ब्रिटिशांच्या ताब्यात होते, आणि तेथून उडणारी विमाने व निघणाऱ्या पाणबुड्या उत्तर आफ्रिकेतील जर्मन सेनापती रोमेलची रसद बुडवीत असत. म्हणून शत्रूने बेटावर बाँबचा वर्षाव चालविला होता. पण बाँबपेक्षाही भय होते ते उपासमारीचे. चुनखडीच्या त्या बेटावर झाडे थोडी, सरपण जवळजवळ नाही. धान्य बाहेरून यावयाचे आणि ते शिजवावयाचे रॉकेलही बाहेरूनच. घरोघरची चूल परवडेनाशी झाली, तेव्हा सार्वजनिक स्वयंपाकघरे काढून लोकांना तेथून अन्न देण्यात येऊ लागले. सप्टेंबरपर्यंत मदत आली नाही तर बेट शत्रूच्या स्वाधीन करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, असा कारभाऱ्यांचा हिशेब होता.

जूनमध्ये एक प्रयत्न फसला होता. त्या वेळी ‘केंटकी’ नावाचे अमेरिकन बनावटीचे तेलवाहू जहाज पाठविले होते. बाँब जवळच पाण्यात पडल्याच्या हादऱ्याने त्याची वाफेची नळी फुटली, जहाज जागच्या जागी थांबले आणि सारे तेल घेऊन तळाशी गेले. एका नळीपायी! पुढच्या वेळी हा धडा उपयोगी पडला.

पुढचे जहाज होते ‘ओहायो’. टेक्सास कंपनीसाठी पेन्सिल्वेनियातील चेस्टर येथील गोदीत ते बांधले गेले आणि एप्रिल १९४० मध्ये पाण्यात उतरले. लांबी ५१५ फूट, वेग ताशी १६ सागरी मैल. त्या काळच्या तेलवाहू जहाजांत हा वेग चांगलाच मानला जाई. जून १९४२ मध्ये ते स्कॉटलंडमधील क्लाइड नदीत आले. ते ब्रिटिश निशाणाखाली देण्याचे ठरले, तेव्हा अमेरिकन खलाशांना खाली उतरावे लागले आणि ते त्यांना मुळीच आवडले नाही. त्यांच्या जागी डडली मेसन या कप्तानाच्या हाताखाली तोफा चालविणाऱ्यांसह ७७ माणसे आली. ‘केंटकी’ची आठवण ठेवून यंत्रांखाली रबर बसविले गेले आणि वाफेच्या नळ्यांना पोलादी स्प्रिंगांचा व लाकडी ओंडक्यांचा आधार दिला गेला. मग सुमारे ११,५०० टन रॉकेल व इंजिनांचे तेल भरण्यात आले. या जहाजाने माल्टाच्या विमानांसाठी पेट्रोल नेले असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. पेट्रोल इतर मालवाहू जहाजांवर डब्यांतून होते. ‘ओहायो’वर होती ती पाणबुड्यांची आणि चुलींची सोय.

ऑगस्टच्या प्रारंभी १४ व्यापारी जहाजांचा काफिला क्लाइडहून निघाला. संरक्षणाला दोन मोठ्या युद्धनौका, विमानवाहू जहाजे, क्रूझर आणि विनाशिकांचा मोठा ताफा होता. तरीही ११ तारखेला ‘ईगल’ हे विमानवाहू जहाज पाणबुडीच्या माऱ्याने काही मिनिटांतच बुडाले. १२ तारखेच्या संध्याकाळी ‘अक्सुम’ या इटालियन पाणबुडीने एकाच वेळी चार पाणतीर सोडले, आणि त्या एका माऱ्यात दोन क्रूझर व ‘ओहायो’ अशी तीन जहाजे घायाळ झाली.

‘ओहायो’च्या कुशीला एखादे घर मावेल एवढे भगदाड पडले. आग लागली, ती विझविण्यात आली. तेलवाहू जहाज अशा घावानंतरही तरंगते कसे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे पोट म्हणजे एकच मोठी टाकी नव्हे. आडव्या-उभ्या पोलादी भिंतींनी पाडलेल्या अनेक खणांचा तो जणू मसाल्याचा डबा असतो. एक खण फुटला तरी शेजारचे शाबूत राहतात, आणि तेल पाण्याहून हलके असल्यामुळे भरलेले खण जहाजाला उचलून धरावयास मदतच करतात.

होकायंत्र निकामी झाले होते. पुढे ‘लेडबरी’ ही विनाशिका निळा दिवा लावून चालली आणि त्या दिव्याच्या मागोमाग ‘ओहायो’ने अंधारी रात्र काढली. १३ तारखेला सकाळी बाँबफेकी विमाने आली. पाडलेले एक जर्मन विमान तर पाण्यावर आपटून थेट डेकवरच येऊन पडले. मागच्या भागातल्या अधिकाऱ्याने ही बातमी टेलिफोनवरून कप्तानाला कळविली तेव्हा, आमच्या पुढच्या डेकवर असे एक केव्हाचेच पडले आहे, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. पुढे हादऱ्यांनी बॉयलरची आग विझली, आणि यंत्रे जी थांबली ती थांबलीच.

आता ओढून नेणे एवढाच उपाय होता. ‘पेन’ या विनाशिकेने दोर लावला. पण भगदाडामुळे जहाज एका अंगाला वळे आणि दोर तुटे. माणसे उतरविली गेली, परत चढली, आणखी बाँब पडल्यावर पुन्हा उतरली. जहाजाचा कणा मोडला होता. ‘सांता एलिसा’ या बुडालेल्या अमेरिकन जहाजावरून वाचविलेले फ्रेडरिक लार्सन व फ्रान्सिस डेल्स आपण होऊन तोफेवर उभे राहिले. क्लाइडला अमेरिकन खलाशांना ज्या जहाजावरून उतरविले होते, त्याच जहाजावर दोन अमेरिकन स्वेच्छेने चढले हा योगायोग मला तरी फार विलक्षण वाटतो.

शेवटी ‘पेन’ आणि ‘ब्रॅमहॅम’ या विनाशिका दोन्ही कुशींना बांधण्यात आल्या आणि आजाऱ्याला दोघांनी काखेत धरून चालवावे तसे ते जहाज पुढे नेण्यात आले. डेक जवळजवळ पाण्याला टेकला होता. १५ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी ते वॅलेटा शहराच्या ग्रँड हार्बर बंदरात शिरले. तो दिवस सांता मारिया म्हणजे मेरीमातेच्या सणाचा. तटांवर माणसांची दाटी झाली होती आणि बँड वाजत होता. माल्टाचे लोक या काफिल्याला आजही त्या सणाच्याच नावाने ओळखतात. १४ पैकी पाचच जहाजे पोहोचली होती आणि पाचशेहून अधिक माणसे समुद्रात गेली होती.

तेल उपसणे ताबडतोब सुरू झाले. जसजसे तेल बाहेर येई तसतसे पाणी आत शिरे, आणि खण रिकामे होताच ‘ओहायो’ बंदराच्या तळाला टेकले. नोव्हेंबरमध्ये दुसरा काफिला सुखरूप येईपर्यंत बेटाने तग धरला. मेसनला जॉर्ज क्रॉस हे पदक मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते पदक साऱ्या माल्टा बेटालाही मिळाले होते.

‘ओहायो’चा प्रवास मात्र तेथेच संपला. पाण्यात उतरल्यापासून पुरती अडीच वर्षेही झाली नव्हती. दुरुस्ती परवडण्यासारखी नव्हती आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. ते बंदरातच पडून राहिले. कधी कोठार म्हणून, कधी युगोस्लाव्ह सैनिकांची बराक म्हणून त्यांचा उपयोग झाला. ज्यासाठी एवढे जीव गेले त्या जहाजाच्या पोटात कोणी अंथरूण पसरावे, हे प्रथम ऐकताना जरा खटकते. पण बाँबने उद्ध्वस्त झालेल्या त्या बेटावर डोक्यावर छप्पर असलेली कोणतीही जागा मोलाचीच होती.

१९ सप्टेंबर १९४६ रोजी पुढचा अर्धा भाग दहा मैल समुद्रात ओढून नेण्यात आला आणि ‘व्हिरागो’ या विनाशिकेने तोफा डागून तो बुडविला. मागचा भाग ३ ऑक्टोबरला सुरुंग लावून खोल पाण्यात सोडला गेला. जहाजाच्या नावाची पाटी आणि सुकाणूचे चक्र ठेवून घेतले होते. ती वॅलेटातील सेंट एल्मो किल्ल्यातल्या युद्धसंग्रहालयात पाहावयास मिळतात.