बुळकांडीचा पराभव कोणी केला?

२८ जून २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने रोम येथे जाहीर केले की, बुळकांडी हा गुराढोरांचा काळरोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाला आहे. देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. ज्या शास्त्रज्ञाच्या लसीमुळे हे शक्य झाले, ते वॉल्टर प्लोराइट ही घोषणा ऐकण्यास हयात नव्हते. १९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांचे निधन झाले होते.

प्लोराइट हे वसाहतीच्या पशुवैद्यक सेवेतील नोकर होते. त्यामुळे साम्राज्याची तरफदारी करणाऱ्यांना त्यांचे चरित्र सोयीचे वाटते. साम्राज्याने लूट केली असेल, पण विज्ञानही दिले, असा युक्तिवाद ते करतात. हा युक्तिवाद तपासून पाहणे अगत्याचे आहे.

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात १९२३ साली जन्मलेले प्लोराइट १९४४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून पदवीधर झाले. महायुद्धाच्या अखेरीस लष्कराच्या पशुवैद्यक दलात अधिकारी म्हणून त्यांनी काम केले आणि १९५० साली ते वसाहतींच्या पशुवैद्यक सेवेत शिरले. केनिया, नायजेरिया आणि १९५६ पासून नैरोबीजवळील मुगुगा येथील संशोधन संस्था हे त्यांचे कार्यक्षेत्र. त्या वेळी केनियात आणीबाणी होती. माऊ माऊ उठाव चिरडण्यासाठी हजारो किकुयू माणसे छावण्यांत डांबलेली होती. प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेरचे वास्तव हे असे होते.

मुळात आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात ही साथ पसरवली कोणी? १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली, असे इतिहासकार मानतात. दहा वर्षांत ती थेट दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. अनेक भागांत शेकडा ८० ते ९० गुरे दगावली. इथिओपियात भीषण दुष्काळ पडला, मासाईंसारखे पशुपालक समाज कफल्लक झाले. साथीने व उपासमारीने ओस पडलेली कुरणे पाहून वसाहतवाल्यांनी ती ‘रिकामी जमीन’ ठरविली. पुढे पशुवैद्यक खाते आले, तेही निःपक्षपाती नव्हते. क्वारंटाइनच्या आदेशांनी आफ्रिकी माणसाच्या गुरांना बाजार बंद होई आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या गुरांना भाव मिळे. १९३८ साली जमिनीची धूप थांबविण्याच्या नावाखाली कांबा लोकांची गुरे जप्त करून स्वस्तात विकण्यात आली. तेव्हा मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रीपुरुष मुलाबाळांसह चालत नैरोबीस गेले आणि तेथे ठाण मांडून बसले. म्बिंगूंना लामू बेटावर हद्दपार करण्यात आले. परंतु सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली.

या पार्श्वभूमीवर प्लोराइट यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. ते अधिक नेमके होते. त्यांच्यापूर्वी शेळ्यांच्या शरीरातून सौम्य केलेल्या लसी वापरात होत्या, पण काही जातींच्या गुरांना त्या सोसत नसत. पोलिओच्या विषाणूसाठी एंडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये वापरलेले पेशीसंवर्धनाचे तंत्र प्लोराइट यांनी बुळकांडीस लागू केले. फेरिस या सहकाऱ्यासह त्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हा विषाणू पुनःपुन्हा वाढवला. सुमारे ९० फेऱ्यांनंतर तो निरुपद्रवी झाला, पण प्रतिकारशक्ती देण्याचा त्याचा गुण टिकून राहिला. एक टोचणी, आणि जन्मभराचे संरक्षण! ही स्वस्त लस अनेक देशांच्या सरकारी प्रयोगशाळांत तयार होऊ लागली.

पशुपालकांच्या ज्ञानाबद्दलही प्लोराइट यांच्या कार्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. विल्डबीस्ट या रानटी जनावरांच्या विणीच्या काळात मासाई लोक आपली गुरे त्या कुरणांपासून दूर नेत. तेथे चरल्यास गुरे मरतात असे ते पूर्वापार सांगत. १९६० साली प्लोराइट यांनी विल्डबीस्टच्या शरीरातून त्या रोगाचा विषाणू वेगळा काढला. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले जाई, त्यांचे निरीक्षण मूलतः खरे ठरले.

तरीही लस हाती आली म्हणून रोग गेला नाही. १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेच्या वीसहून अधिक देशांत संयुक्त मोहीम झाली आणि बुळकांडी जवळजवळ संपली. मग पैसा आटला, दक्षता ढिली पडली, आणि १९८० नंतर साथ पुन्हा उसळून लाखो गुरे गेली. अर्धवट सोडलेल्या सार्वजनिक कार्याची किंमत गरीब मोजतो, ती अशी.

दुसरी अडचण शीतपेटीची होती. लस थंड ठेवावी लागे, आणि रोग मात्र रस्ता व वीज नसलेल्या भागांत दडलेला होता. १९९० च्या सुमारास त्याच लसीचे उष्णता सोसणारे रूप तयार झाले. दक्षिण सुदान, इथिओपियातील अफार आणि युगांडातील करामोजा येथे पशुपालकांमधूनच निवडलेल्या, थोडके प्रशिक्षण मिळालेल्या माणसांनी ती गुरांना टोचली. जेथे पदवीधर डॉक्टर पोहोचत नव्हता, तेथे गुराखी पोहोचला. शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियातील रानरेड्यांत आढळला.

या इतिहासात भारताचाही वाटा आहे. १८८९ साली पुण्यात निघालेली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेली सरकारी प्रयोगशाळा या रोगाच्या अभ्यासाचे मोठे केंद्र ठरली. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मधला. त्याच मुक्तेश्वरला पुढे शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगावरील लस तयार झाली. बुळकांडीच्या विषाणूचा हा सख्खा भाऊबंद २०३० पर्यंत जगातून नष्ट करण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. शेळी ही भूमिहीनाची आणि धनगराची ठेव होय. तेव्हा प्रश्न लसीचा नाही. ती शेवटच्या वाडीपर्यंत कोण नेणार, आणि रोग दिसेनासा झाल्यावरही खर्च चालू ठेवण्याची शासनाची तयारी आहे काय, हा आहे.

प्लोराइट यांना आदराने अभिवादन करावे. मात्र त्यांचे श्रेय साम्राज्याच्या खात्यावर जमा करू नये. साम्राज्याला बुळकांडी घालवता आली नव्हती. शास्त्रज्ञाची निष्ठा, सार्वजनिक पैसा आणि गुराख्याचे हात एकत्र आले, तेव्हाच ती गेली.