साखरेचा वाली कोण?

जखमेत साखर भरावी असे कोणी सांगितले तर शिकलेला मनुष्य नाक मुरडतो आणि भोळा मनुष्य स्वयंपाकघरातला डबा काढावयास धावतो. वस्तुतः या प्रश्नाचा निवाडा व्हावयास हवा तो रुग्णालयाच्या शल्यविभागात, नोंदवही पुढ्यात ठेवून, आणि आमची तक्रार आहे ती एवढीच की तेथे तो कोणी मनावर घेत नाही.

यातले शास्त्र गूढ नाही. मुरांबा वर्षभर बरणीत नासत नाही त्याचे जे कारण तेच येथेही लागू पडते: दाट पाकात पाणी असते, पण ते साखरेने असे धरून ठेवलेले असते की जंतूंना त्याचा उपयोग करता येत नाही. पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू खाऱ्या पाण्यातही तग धरण्याइतका चिवट. पण १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १८३ ग्रॅम साखर विरघळली की त्याचीही वाढ खुंटते, असे अर्जेंटिनातील शास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास दाखवून दिले. म्हणून स्वच्छ केलेल्या जखमेची पोकळी साखरेने ठासून भरतात व वर गॉज बांधतात. साखर भोवतालच्या ऊतींतील पाणी ओढून घेते, सूज उतरते, दुर्गंधी कमी होते, आणि काही तासांनी पट्टी सोडून पाहावी तो आतला भरणा पातळ पाक झालेला असतो. तो तसाच राहू दिला तर जंतूंना आयते अन्न मिळते. सबब जखम धुऊन वेळच्या वेळी नवी साखर भरणे हाच या उपचाराचा कणा आहे, आणि घरगुती प्रयोग फसतात ते बहुधा येथेच.

मोझेस मुरांडू हे झिंबाब्वेच्या ग्रामीण भागात वाढलेले परिचारक. लहानपणी खरचटले की वडील जखमेवर मीठ लावीत, आणि हाती चार पैसे असले तर मिठाऐवजी साखर, कारण ती कमी झोंबते. १९९७ साली ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुजू झाल्यावर तेथे साखरेचे कोणी नावही काढीत नाही हे पाहून त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठातर्फे ४१ रुग्णांवर प्राथमिक प्रयोग केला. मधुमेह्याच्या जखमेत साखर घातल्याने रक्तातली साखर वाढेल ही स्वाभाविक धास्ती त्यांच्या पाहणीत खरी ठरली नाही. उसाची साखर फोडणारे पाचकद्रव्य लहान आतड्यात असते, जखमेत नव्हे. त्यापूर्वी १९८१ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातून नुटसन या शल्यविशारदाने साखर व पोव्हिडोन आयोडीन यांच्या मिश्रणाने ६०५ रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता, आणि १९८५ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रियेनंतर छातीत पू झालेल्या १९ रुग्णांच्या जखमा साखरेने भरल्या होत्या. याउलट, खोल जखमेतून साखर शरीरात शोषली जाऊन मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंदही १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये आहे. ती विसरून साखरेचे गोडवे गाणारा लेखक आम्हांस विश्वासार्ह वाटत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने हात राखून बोलण्याचे कारण नाही. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या सोलापूर जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी साखरेचाच सख्खा भाऊ असा जो मध, त्याची भाजलेल्या १०४ रुग्णांवर प्रचलित सिल्व्हर सल्फाडायझीनशी तुलना करून १९९१ साली ती ब्रिटिश शल्यपत्रिकेत प्रसिद्ध केली, आणि सात दिवसांत मधाने बांधलेल्या जखमांपैकी ९१ टक्के निर्जंतुक झाल्या असता दुसऱ्या गटात हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. सुश्रुतानेही व्रणावर मध व तूप सांगितले आहे. पण प्राचीन वचन हा पुरावा नव्हे, आणि एका केंद्रातील आकडेही अखेरचा शब्द नव्हेत. पुढे मधाच्या पट्ट्यांना कंपन्यांचा आश्रय मिळाला व निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध नळीत भरून महाग भावाने विकला जाऊ लागला. साखरेला मात्र तसा वाली लाभला नाही, कारण जिच्यावर पेटंट घेता येत नाही आणि जी वाण्याकडे मिळते, तिच्या चाचणीसाठी कोणता कारखानदार पदरमोड करील?

तेव्हा हे काम सरकारचेच आहे. मधुमेह्यांच्या पायांच्या जखमा घेऊन आमच्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्यांची रांग हटत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या पट्ट्यांचा खर्च आणि शेवटी पाय कापण्याची पाळी हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाने चार-पाच महाविद्यालयांत एकाच पद्धतीने, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडून, निर्जंतुक साखर व प्रचलित पट्टी यांची तुलना करण्याची तजवीज केली, तर तिच्यासाठी खजिन्यावर फार मोठा भार पडणार नाही, आणि उत्तर 'नाही' असे आले तरी ते दप्तरी लागलेले बरे. तोवर वाचकांस विनंती अशी की पायाला जखम झालेल्या मधुमेह्याने हा लेख वाचून साखरेचा डबा उघडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस पाय दाखवावा.