दुष्काळ, जनुके आणि हृदयविकार : एका सोयीस्कर सिद्धांताचा समाचार

#थ्रेड

‘इंग्रजी दुष्काळांनी आपली जनुके बदलली, म्हणून आज आपल्याकडे चाळिशीत हृदयविकाराचे झटके येतात.’ इतिहासप्रेमींच्या वर्तुळात हे विधान आता सुभाषितासारखे फिरते. ते संतापाला वाट करून देते, म्हणून आवडते. परंतु इतिहास म्हणून ते कच्चे आहे आणि विज्ञान म्हणून त्याहूनही कच्चे.

आधी त्यामागचा खरा पुरावा पाहू. तो विलक्षणच आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला आणि जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम नेदरलँड्सची अन्नवाहतूक रोखली. त्या हिवाळ्यात माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५ मध्ये मुक्तता झाली आणि दुष्काळ आला तसाच झटक्यात संपला. प्रसूतिगृहातील नोंदी मात्र शाबूत राहिल्या.

त्या नोंदींच्या आधारे टेसा रोझबूम आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेल्यांना पन्नाशीत गाठले. गर्भावस्थेच्या आरंभी उपासमार सोसलेल्यांत हृदयरोहिणीचा विकार ८.८ टक्के, न सोसलेल्यांत ३.२ टक्के! २००८ मध्ये हेयमन्स आणि सहकाऱ्यांनी दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांचे डीएनए तपासले. साठ वर्षांनंतरही आयजीएफ-२ जनुकावरील मिथाइलच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांहून कमी आढळल्या.

येथे नीट थांबा. जनुकाची अक्षरे तीच होती, बदलल्या त्या अक्षरांवरच्या खुणा. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. म्हणजे ‘जनुके बदलली’ हा पहिला शब्दप्रयोगच चूक.

शिवाय ही दोन संशोधने वेगवेगळ्या व्यक्तिसमूहांवर झाली. त्या खुणांमुळेच हृदयविकार झाला, असे दुसऱ्या संशोधनाने सिद्ध केलेले नाही. दोन किनारे दिसतात; मधला पूल आपण मनातच बांधतो.

लेनिनग्राडच्या वेढ्यात गर्भावस्था काढलेल्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मधुमेहाचा वा हृदयविकाराचा असा अधिकचा भार आढळला नाही. एक संभाव्य कारण असे, की वेढ्यानंतरही तेथे टंचाईच राहिली, तर डच बालकांच्या वाट्याला लवकरच सुबत्ता आली. फिरत्या पोस्टमध्ये लेनिनग्राड कधी वाचले आहे का?

आता १८७६-७८ कडे. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यापर्यंत खाली आणला, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. हे दस्तऐवजांत आहे. पण कोणत्या स्त्रीने गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात काय खाल्ले, तिचे मूल किती वजनाचे झाले, ही नोंद कोठे आहे? शिवाय बीजपेशी तयार होताना आणि गर्भाच्या आरंभी अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. त्या चार-पाच पिढ्या टिकल्या असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. टेंपल यांच्यावर आरोपपत्र ठेवण्यास त्या वर्षांचे लक्षावधी मृत्यू पुरेसे आहेत. त्यात उसने जीवशास्त्र मिसळून आपण आपलाच खटला दुबळा करतो.

हृदय एका कारणावर चालत नाही, हे आपण १९६० पासून जाणतो. त्या वर्षी डेनिस नोबल यांनी हृदयपेशीच्या स्पंदनाचे गणिती प्रारूप मांडले. ताल धरणारा एकच घटक त्यात नाही. आयनांचे प्रवाह आणि पेशीचा विद्युत्दाब परस्परांना चालवतात, त्यातून ताल उपजतो. सिस्टिम्स बायॉलॉजीची दृष्टी ही. रोगाचेही तसेच : २००४ मध्ये ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कंबरेचा घेर, मानसिक ताण अशा नऊच घटकांनी पहिल्या झटक्यांच्या जोखमीचा बहुतांश भाग उलगडला.

आणि आपल्या मातीतला पुरावा हवा असेल, तर तो पुण्यातच आहे. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. गंमत अशी, की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोट लहान, चरबी मात्र जवळपास टिकून. दिसायला कृश, आतून मेदयुक्त. या माता १८७७ च्या नव्हेत. त्या नव्वदच्या दशकात शेतात राबणाऱ्या, कमी जेवणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या ताटाचा हिशेब कोणत्याही व्हाइसरॉयकडे मागता येत नाही. ती बाळे आज तिशीत आहेत.