वंशावळ नवाबाची, कलम बागवानाचे

आंध्र प्रदेशाच्या नंद्याळ जिल्ह्यात बनगानपल्ले हे एक लहानसे गाव आहे. महाराष्ट्राच्या घाऊक बाजारांत ते ‘बैगनपल्ली’ या अपभ्रष्ट रूपाने पोचते, आणि तेही गाव म्हणून नव्हे, तर पातळ सालीच्या, रेषा नसलेल्या पिवळ्या आंब्याचे नाव म्हणून. या गावाविषयी जे काही छापले जाते त्यात दोन गोष्टी हटकून असतात : आंबा आणि नवाब. नवाबांच्या आश्रयाने हे फळ नावारूपास आले, त्यांचा टेकडीवरील बंगला अजून उभा आहे, २००९ साली ‘अरुंधती’ या तेलुगू चित्रपटात तो झळकला आणि तेव्हापासून प्रवासी तो पाहावयास येतात. एवढ्याने गावाची ओळख पूर्ण झाली असे समजले जाते. ज्यांनी झाडे लावली, राखली आणि ज्यांच्या खांद्यांवरून टोपल्या बागेबाहेर पडल्या, त्यांचा या ओळखीत कोठे उल्लेख नसतो. हा विसर निरागस नाही. नवाबाला श्रेय देणारी कथा आणि बागवानाला भाव नाकारणारा बाजार यांचे नाते दिसते त्याहून अधिक जवळचे आहे.

ज्या वैभवाचे गोडवे गायले जातात ते प्रत्यक्षात होते तरी काय? मद्रास इलाख्याच्या देखरेखीखाली एकेकाळी जी पाच संस्थाने होती, त्यांत त्रावणकोर आणि कोचीनसारखी मोठी होती, घोरपड्यांचे संडूर होते आणि बनगानपल्लेही होते. १९०१ साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६६० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ३२ हजारांच्या आसपास होती. आजच्या एखाद्या तालुक्याएवढा हा मुलूख. तरीही त्याच्या अधिपतीला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. आर्थिक बेबंदशाहीमुळे १८३२ ते १८४८ या काळात इंग्रज सरकारने संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि १९०५ साली पुन्हा काही महिने तीच पाळी आली. रायलसीमेसारख्या अवर्षणाने गांजलेल्या प्रदेशात संस्थानाचे उत्पन्न येणार कोठून? जमिनीतूनच. तेव्हा दरबाराचा दिवाळखोर कारभार म्हणजे अखेर रयतेच्या डोक्यावरचे ओझे होते. इंग्रजांनी हस्तक्षेप केला तोही रयतेच्या कळवळ्याने नव्हे, तर हिशेब जुळावा म्हणून. २३ फेब्रुवारी १९४८ रोजी हे संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. पुढे १९७१ साली संविधानाच्या २६ व्या दुरुस्तीने देशातील सर्वच संस्थानिकांचे तनखे आणि किताब संपुष्टात आले. कायद्याच्या पुस्तकातून नवाब गेला. बाजाराच्या आणि पर्यटनाच्या पुस्तकात तो सुखाने नांदतो आहे.

आंब्याच्या बाबतीत तर हे श्रेय अधिकच अस्थानी आहे. कोय पेरली म्हणजे मूळ झाडासारखेच फळ मिळेल याची शाश्वती नसते. जातिवंत आंबा टिकतो तो कलमाने. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची, ती जगवायची, तिचे झाड झाले की त्यावरून पुन्हा काडी घ्यायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले म्हणून हा आंबा आज आहे. याचा अर्थ असा की आजच्या प्रत्येक बनगानपल्ले झाडामागे कलम बांधणाऱ्या हातांची एक अखंड साखळी आहे. नवाबांची वंशावळ सनावळीसह उपलब्ध आहे. या हातांची वंशावळ कोणी लिहिली नाही. एक जरी पिढी आळसावली असती, तरी कोणत्याही नवाबाच्या शौकाने हे फळ वाचले नसते.

२०१७ साली या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्याने दिलेले हे संरक्षण होय. बनगानपल्ले, पाण्यम आणि नंद्याळ हा परिसर मूळ स्थान म्हणून नोंदला गेला, आणि त्याबरोबरच आंध्र व तेलंगणातील अनेक जिल्हेही त्याच्या क्षेत्रात आले. आनंदाचे सोहळे झाले. परंतु नोंद झाली ती कोणाच्या नावे? राज्य सरकारच्या फलोत्पादन आयुक्तांच्या नावे. ज्या उत्पादकाला हे नाव कायदेशीररीत्या आपल्या मालावर लावावयाचे असेल, त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची निराळी नोंद करून घ्यायची आहे. ज्याच्या आजोबाने झाड लावले, त्याने त्या झाडाच्या नावासाठी सरकारदरबारी अर्ज करायचा! पूर्वी नाव नवाबाचे होते, आता ते आयुक्तांचे झाले. बागवान दोन्ही वेळा अर्जदारच राहिला.

याहून वेगळे काही शक्य नव्हते असेही नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले, तेव्हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाबरोबर आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थांचीही नावे नोंदली गेली. तेवढ्याने कोकणच्या बागायतदाराचे सारे प्रश्न सुटले असा दावा कोणी करणार नाही. परंतु नावाची मालकी उत्पादकांच्या संघटनेकडे असू शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

आता नावावरून भावाकडे वळावे. मानांकनाच्या वेळी सरकारने जे आकडे पुढे केले, त्यांनुसार या आंब्याचे वार्षिक उत्पादन सुमारे २४ लाख टन आणि निर्यात सुमारे साडेपाच हजार टन होती. म्हणजे हजार किलोंमागे अडीच किलोही फळ परदेशी जात नव्हते. अमेरिका, इंग्लंड, जपान यांची नावे ऐकवून बागवानाला जे स्वप्न दाखविले जाते त्याचे वास्तव हे एवढे आहे. उरलेला सारा माल देशातल्या बाजारात जातो. दिल्लीत तो ‘सफेदा’ म्हणून विकला जातो. ज्या नावाच्या रक्षणासाठी कायदा झाला ते नावच गिऱ्हाइकाच्या कानी पडत नाही.

बाग विकली जाते तीही बहुधा फळ पिकण्यापूर्वीच. कलम लावल्यापासून झाड चांगले धरेपर्यंत वर्षे जातात. त्या काळातला खर्च, पाण्याची टंचाई, घरातले आजारपण आणि लग्नकार्य हे सारे उसनवारीवर निभावते. मग मोहोर आला की व्यापारी येतो आणि उक्त्या रकमेने बाग घेतो. गरजवंताला घासाघीस करता येत नाही. पुढे फळ बहरले तर नफा व्यापाऱ्याचा, आणि वादळाने मोहोर झडला तर तोच व्यापारी ठरलेली रक्कम कमी करून मागतो. त्यावर अडत, तोलाई, हमाली आणि ‘खराब माल’ म्हणून होणारी कपात आहेच. सौदा लवकर साधावा म्हणून फळ कच्चे उतरवतात आणि बंदी असतानाही ते कॅल्शियम कार्बाइडने पिकवले जाते. तेव्हा बदनामी होते ती फळाची आणि पर्यायाने बागवानाची. या आंब्याचे एक जुने नाव ‘बेनिशान’, म्हणजे डाग नसलेला, असे आहे. डाग आहेत ते व्यवहारावर.

सरकार मदतीस धावून येते, असे सांगितले जाईल. ते कसे धावते हे २०२५ च्या हंगामात त्याच राज्याच्या चित्तूर भागात दिसले. तेथे तोतापुरीचे भाव कोसळले. रस काढणाऱ्या कारखान्यांनी किलोला आठ रुपये द्यावेत आणि चार रुपये सरकार घालील, असे ठरवण्याची वेळ आली. बारा रुपये किलो! आंब्याला किमान आधारभूत किंमत नाही. जी योजना येते ती भाव पडून गेल्यानंतर, ओरड झाल्यानंतर येते. जे तोतापुरीचे झाले ते बनगानपल्लेचे होणार नाही याची हमी कोणत्या मानांकनात लिहिलेली आहे?

कुळाची स्थिती तर आणखी बिकट. आंध्र प्रदेशात २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला, पण अकरा महिन्यांच्या करारावर जमीनमालकाची सही हवी, अशी अट त्याला जोडली गेली. सही केल्याने जमीन हातची जाईल या भयाने मालक सही टाळतो, आणि सहीवाचून कुळ कागदोपत्री शेतकरीच ठरत नाही. दशकानुदशके उभ्या राहणाऱ्या झाडाखाली राबणाऱ्याला अकरा महिन्यांचे अस्तित्व, आणि तेही दुसऱ्याच्या मर्जीने!

यावर कोणी म्हणेल की नवाबाच्या बंगल्याचा आणि आंब्याच्या भावाचा संबंध काय? इतिहासाचा अभिमान बाळगण्यात गैर काय? गैर काहीच नाही. तो बंगला जपावा, पाहावा, त्यावर पुस्तकेही लिहावीत. परंतु एखाद्या वस्तूचा कर्ता कोण हे समाज ज्या प्रकारे सांगतो, त्याच प्रकारे त्या वस्तूच्या उत्पन्नावर हक्क कोणाचा हेही तो ठरवीत असतो. आंबा ही नवाबाची देणगी मानली की बागवान केवळ राखणदार ठरतो, आणि राखणदाराला भाव मागण्याचा अधिकार नसतो, फक्त बिदागी मिळते. सरकारी अनुदानाची भाषा ही अशीच बिदागीची भाषा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मानांकनाच्या नोंदीत उत्पादकांच्या सहकारी संस्थांना मालकीचा वाटा मिळावा. वापरकर्त्यांची नोंद सरकारने गावात येऊन, विनाशुल्क करावी, आणि तीत कुळांचाही समावेश असावा. मोहोरावर बाग विकावी लागू नये यासाठी सहकारी बँकांनी हंगामी कर्ज द्यावे. भावाची किमान पातळी हंगामापूर्वी जाहीर व्हावी, आणि तोडणीच्या व भरणीच्या कामावरील स्त्री-पुरुषांना समान मजुरीची हमी असावी.

यातली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. पण यांतली एकही आपोआप होणार नाही. तनखे संस्थानिकांनी आपण होऊन सोडले नव्हते. ते रद्द करावे लागले. नावावरचा हा उरलेला तनखाही बागवानांना संघटित होऊनच परत घ्यावा लागेल.