जुना संगणक: आधीं काय बदलावें?

घरचा दहाबारा वर्षांचा संगणक मंद झाला, कीं मुलें नव्याचा हट्ट धरतात आणि पालक किंमत ऐकून चिंतेंत पडतात. आमच्या मतें दोघांनींही घाई करूं नये. ह्या मंदपणाचें मूळ बहुधा प्रोसेसरांत नसून हार्ड डिस्कमध्यें असतें. तिची तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेते खरी. परंतु विखुरलेली माहिती शोधतांना वाचणाऱ्या दांडीचे प्रत्येक वेळीं दहाएक मिलिसेकंद मोडतात. एसएसडींत फिरणारा भागच नाहीं. तेथें हेंच काम मिलिसेकंदाच्या अल्पशा अंशांत होतें. सबब पहिला पैसा येथेंच घालावा. जुन्या साटा जोडणीवर ती पूर्ण वेगानें न चालली, तरी फरक नजरेंत भरतो. मात्र आपले निबंध व छायाचित्रें आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावीं.

प्रोसेसरचें तसें नाहीं. तो सॉकेटशीं बांधलेला. इंटेलच्या एलजीए ११५५ सॉकेटांत २०११ व २०१२ सालच्या, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या पलीकडचा प्रोसेसर चालतच नाहीं. आणि तिसरीचा घालावयाचा तर बायोसही अनुकूल हवें. दुकानदार हें आपण होऊन सांगेलच असें नाहीं! दोन कोअरच्या आय-थ्रीच्या जागीं चार कोअरचा जुना आय-फाइव्ह स्वस्तांत मिळाल्यास घ्यावा, एरवीं नाद सोडावा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, व विंडोज ११ च्या अधिकृत यादींत हे प्रोसेसर नाहींत. म्हणून यंत्र भंगारांत देण्यापेक्षां त्यावर लिनक्स घालून तें मुलांच्या अभ्यासास लावावें, हें आम्हांस अधिक पसंत आहे.