ठिपका लहान, ऐब लहान नाही

फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात. नव्या लॅपटॉपवर त्यातला एखादा काळा निघाला की दुकानदार म्हणतो, ‘एवढं चालतं, कंपनी बदलून देत नाही.’ अनेक वॉरंट्यांत खरोखर तशी अट असते. पण ती पैसे घेण्याआधी सांगितली का?

फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ आहे : किंमत कमी करणारा, आधी न कळलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क. ओलं धान्य ढिगाखाली ठेवणाऱ्याला पैगंबरांनी (स.) बाजारातच टोकलं होतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही सदोष मालाविरुद्ध दाद देतो.

म्हणून दुकानातच स्क्रीन पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी करून पाहा. तो अविश्वास नव्हे. आणि आपल्यातल्या दुकानदारांनी गिऱ्हाईकाने विचारण्याआधीच ऐब सांगावा. तिजारतीतली बरकत त्यातच आहे.